कशानं आलात?

पाहुणा दारात आला की पाण्याचा तांब्या पुढे करता करता पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशानं आलात? एसटीनं, जीपनं, कुणाच्या गाडीवर मागं बसून की चालत, एवढ्यावरून माणूस किती दमलाय आणि परत कधी निघायला हवा, ते यजमानाला कळतं. वाहतुकीचं नियोजन करणाऱ्यांचा प्रश्नही हाच आहे. फक्त त्यांना तो लाखो माणसांना विचारायचा असतो, आणि घरोघरी वही घेऊन जाणं महाग पडतं. म्हणून गेली पंधरा-वीस वर्षं जगभरचे संशोधक माणसाऐवजी त्याच्या खिशातल्या फोनलाच हा प्रश्न विचारत आहेत. फोनच्या हालचालीवरून प्रवासाचं साधन ओळखण्याचं हे शास्त्र आता बरंच पुढं गेलं आहे. ते किती पुढं गेलं हे पाहायचं, तर त्याला नगर जिल्ह्यातल्या भंडारदऱ्याच्या रस्त्यावर उतरवून पाहावं. शहरात जे सहज खपून जातं ते इथं खपत नाही.

भंडारदऱ्यात आजही या प्रश्नाची नोंद होते, पण अर्धीच. मे संपता संपता काजवे चमकू लागले की घोटीकडून आणि अकोल्याकडून गाड्यांची रीघ लागते. अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाटते, पोलीस एकेरी वाहतूक लावतात. पर्यटक कशानं आला, हे त्या पावतीतच असतं. पण रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, उडदावणे इथला माणूस राजूरला कशानं जातो, त्याची पावती कोण फाडणार? थोडी नोंद एसटीच्या तिकीट यंत्रात सापडते. या जिल्ह्याचं आणि एसटीचं नातं जुनं आहे; राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगरहूनच पुण्याला सुटली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि त्याआधीच्या वर्षापासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास, त्यामुळं कोण चढलं हेही यंत्राला थोडंफार कळतं. मात्र एसटीच्या कर्मचाऱ्यांचा संप २०२१च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा ही नोंद जवळजवळ कोरी पडली. माणसं काही घरी बसली नव्हती. ती जीपनं गेली, पिकअपच्या हौद्यात उभी राहून गेली, चालत गेली. नोंदीत यातलं काहीच नाही.

जनगणनेनंही प्रयत्न केला. २०११ मध्ये कामावर जाण्याचं अंतर आणि साधन विचारलं गेलं. रकाने चांगले होते: पायी, सायकल, मोपेड-स्कूटर-मोटरसायकल, मोटार-जीप, टेम्पो-रिक्षा-टॅक्सी, बस, रेल्वे, एवढंच काय, जलवाहतूकसुद्धा. पण तक्ता निघाला तो ‘इतर कामगारां’चा. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात राबणारे त्यात धरलेच नव्हते. अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून हे लोक वगळले, तर मागं उरतात शिक्षक, ग्रामसेवक, दुकानदार आणि हॉटेलवाले. भातलावणी उरकल्यावर नारायणगावकडं किंवा नाशिकच्या द्राक्षबागांकडं मजुरीला निघणारी माणसं त्या तक्त्याच्या बाहेरच राहिली.

ही उणीव फोननं भरून निघेल का?

आधी फोनच्या आत काय असतं ते पाहू. अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणजे सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा, तेवढ्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला. फोन हलला की तो मागं राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्या बदलाचा विद्युत संकेत होतो. तीन दिशांना अशी तीन मापं. फोन टेबलावर निपचित पडला असला तरी हा तुकडा गुरुत्वाकर्षणानं ओढला जातो, म्हणून ९.८ हा आकडा कुठल्या तरी दिशेला दिसतोच. खाली कुठं आहे हे फोनला त्यावरून कळतं. जायरोस्कोप वळणं मोजतो, मॅग्नेटोमीटर चुंबकीय क्षेत्र, बॅरोमीटर हवेचा दाब. या सगळ्यांवर जीपीएस. जीपीएस जागा आणि वेग सांगतो, पण बॅटरी खातो आणि त्याला मोकळं आकाश लागतं. अ‍ॅक्सेलरोमीटरला यातलं काही लागत नाही. म्हणून संशोधकांचा जीव त्याच्यावर.

सेकंदाला पन्नास किंवा शंभर वेळा घेतलेले हे आकडे पाच-दहा सेकंदांच्या तुकड्यांत कापले जातात. प्रत्येक तुकड्यातून सरासरी किती, चढउतार किती, कोणत्या लयीत जास्त जोर आहे, असं काढलं जातं. चालणाऱ्या माणसाची पावलं सेकंदाला साधारण दोन पडतात, आणि आलेखात तिथं स्पष्ट उंचवटा दिसतो. धावताना तो पुढं सरकतो आणि उंच होतो. पायडल मारताना पाय सेकंदाला साधारण एकदा फिरतो. गाडीत बसल्यावर ही लय नाहीशी होते आणि इंजिनाची बारीक थरथर, ब्रेकचे धक्के, वळणांचा कल एवढं शिल्लक राहतं. मग हजारो तुकडे, त्यांच्यावर माणसानं लावलेली ‘चालणं’, ‘बस’, ‘मोटार’ अशी लेबलं, हे सगळं मशीन लर्निंगच्या पद्धतीला दिलं की ती नव्या तुकड्याला नाव देऊ लागते. पूर्वी यासाठी निर्णयवृक्ष वापरत, पुढं अशा शेकडो वृक्षांचं जंगल आलं, आता न्यूरल नेटवर्क. गणित बदलत गेलं तरी पाया तोच राहिला: आधी कुणीतरी माणसानं नाव द्यावं लागतं.

या क्षेत्रातली दोन जुनी कामं पुढच्या सगळ्यांना पायरीसारखी उपयोगी पडली. यू झेंग आणि त्यांच्या बीजिंगमधल्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नुसत्या जीपीएसवरून साधन ओळखायचं ठरवलं. शहरात कोंडी झाली की मोटारही सायकलच्या वेगानं चालते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वेगावर भिस्त न ठेवता माणूस दिशा किती वेळा बदलतो, किती वेळा थांबतो आणि वेग किती झटक्यानं बदलतो ही तीन लक्षणं काढली. त्यांचं दुसरं निरीक्षण साधं आणि फार उपयोगी होतं: एका वाहनातून दुसऱ्यात जाताना मधे थोडं तरी चालावंच लागतं, म्हणजे जिथं चालणं दिसेल तिथं साधन बदलण्याची शक्यता धरावी. दुसरं काम लॉस एंजेलिसचं. ससांक रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जीपीएस आणि अ‍ॅक्सेलरोमीटर एकत्र करून थांबणं, चालणं, धावणं, सायकल आणि मोटारवाहन हे पाच प्रकार ९३.६ टक्के अचूकतेनं ओळखले. निर्णयवृक्षाच्या वर त्यांनी आणखी एक थर ठेवला, जो आधीच्या क्षणाकडं पाहून आत्ताचं उत्तर सुधारतो. सायकल, सायकल, मोटार, सायकल असा क्रम आला, तर मधली मोटार बहुधा चूक आहे हे त्या थराला समजतं.

या दोन कामांच्याच सुमारास भारतातही काम चालू होतं, पण प्रश्न वेगळा होता. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात मोहन, पद्मनाभन आणि रामजी यांनी २००८ मध्ये ‘नेरिसेल’ ही यंत्रणा मांडली. फोनवरून खड्डे, ब्रेक आणि हॉर्न ओळखायचे. पवईच्या आयआयटीत ‘हॉर्न ओके प्लीज’ नावाचा प्रयोग २०१० मध्ये झाला. येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाडीच्या हॉर्नच्या स्वरात जो फरक पडतो त्यावरून रस्त्यावरचा वेग काढायचा, ही कल्पना भारतीय रस्त्याशिवाय सुचलीच नसती. तिथल्याच भास्करन रमण आणि पुरुषोत्तम कुलकर्णी यांच्या गटानं २०१२ मध्ये ‘वुल्वरीन’ केलं. फोन खिशात कसाही आडवातिडवा पडलेला असला तरी अ‍ॅक्सेलरोमीटर आणि मॅग्नेटोमीटरच्या मदतीनं त्याची दिशा आधी काढायची आणि मग खड्डा कुठला, ब्रेक कुठला ते ओळखायचं. मराठी मुलखात या शास्त्राची सर्वांत जवळची मुळं इथं आहेत. यात प्रवासी कशात बसलाय यापेक्षा रस्ता कसा आहे याची चौकशी जास्त होती, आणि आपले रस्ते पाहता ते साहजिकच होतं. पण फोन हातात कसाही धरलेला असतो, ही गोष्ट या गटांनी सुरुवातीपासून गंभीरपणे घेतली. त्याचं महत्त्व पुढं येईलच.

बाजारातल्या फोनमध्ये ही विद्या २०१३ मध्ये आली. गुगलनं त्या वर्षी अँड्रॉइडच्या अ‍ॅप बनवणाऱ्यांना ‘माणूस आत्ता काय करतोय’ हे सांगणारी सोय दिली: वाहनात, सायकलवर, पायी, स्थिर. आयफोननंही त्याच वर्षी हालचालींसाठी वेगळी चिप आणली, तिची यादी जवळपास तशीच. दोन्हींत मोटरसायकलचा वेगळा खण नव्हता. देशात नोंदलेल्या वाहनांपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास दुचाक्या आहेत, हे लक्षात घेतलं तर ही उणीव किती मोठी ते कळेल. गुगल मॅप्सनं भारतासाठी दुचाकीचा मार्ग दाखवायला डिसेंबर २०१७ मध्ये सुरुवात केली. ते रस्ता सुचवण्यापुरतं होतं.

आता कल्पना करू, की रतनवाडीचा एक माणूस राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात कागद द्यायला निघालाय. फोन शर्टाच्या वरच्या खिशात. वाडीतून खाली रस्त्यापर्यंत उतरताना फोन ‘चालणं’ म्हणतो, बरोबर. रस्त्याला लागल्यावर तो उभा राहतो. जीप येते, पण सीट भरल्याशिवाय हलत नाही. इंजिन बंद, चालक खाली उतरून विडी ओढतोय. फोन ‘स्थिर’ म्हणतो. मग गाडी भरते. आमचा माणूस उशिरा आलेला, म्हणून मागच्या फळीवर उभा, एक हात वरच्या दांड्याला. त्याचं शरीर प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यात वाकतं, प्रत्येक वळणाला झुलतं. बसून प्रवास करणाऱ्यांवर शिकलेल्या यंत्रापुढं हा अजब संकेत येतो. धक्के चालण्याइतके मोठे, पण लय नाही. वेग सायकलचा, पण पायडल नाही.

बीजिंगची तीन लक्षणं इथं लावून पाहा. दिशा किती वेळा बदलली? जलाशयाला वळसा घालणारा रस्ता सरळ असा कमीच आहे. इथं माणूस वळत नाही, रस्ता वळतो, आणि तो जीपला, एसटीला, दुचाकीला सारखाच वळवतो. किती वेळा थांबला? शहरात बस ठरलेल्या थांब्यावर उभी राहते. शिकागोतल्या एका गटानं २०११ मध्ये बसच्या त्या क्षणीच्या जागा आणि रेल्वेमार्गांचे नकाशे जोडून अचूकता वाढवली होती. आपल्याकडं एसटीनं स्वतःच ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ म्हणून जाहीर केलं. त्यामुळं एसटी आणि जीप दोन्ही हात दिसेल तिथं थांबतात आणि या लक्षणाचा निम्मा जीव जातो. वेगाचा झटका? घाटात सगळेच वीस-तीसच्या वेगानं. उतारावर सायकलवाला पायडल मारतच नाही, म्हणजे सायकलची खूणही पुसली.

बॅरोमीटर मात्र इथं कामाला येतो. शहरी संशोधक त्याला पुलांसाठी आणि भुयारी स्थानकांसाठी वापरतात. सिंगापूरच्या एका गटानं २०१४ मध्ये नुसत्या दाबावरून स्थिर, पायी आणि वाहनात हे तीन प्रकार वेगळे काढून दाखवले, बॅटरी जवळपास न खर्चता. सिंगापूर तसं सपाटच. तिथं जर हे जमतं, तर सह्याद्रीत ते फारच सोपं व्हावं. पायथ्याच्या बारी गावापासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत, म्हणजे १,६४६ मीटरपर्यंत, सुमारे आठशे मीटरचा चढ आहे. तेवढ्यात हवेचा दाब ऐंशी-पंच्याऐंशी हेक्टोपास्कलनं उतरतो. चालणाऱ्याला त्याला दोन-तीन तास लागतात, गाडी तेवढी उंची घाटरस्त्यानं अर्ध्या-पाऊण तासात चढते. दाब किती झपाट्यानं उतरतोय हे पाहिलं की पायी आणि वाहन यांत गल्लत होण्याचं कारण नाही. अडचण इतकीच, की स्वस्त फोनांत बॅरोमीटर बहुधा नसतोच, पुष्कळांत जायरोस्कोपही नसतो. ज्या रस्त्यावर हे साधन सर्वांत उपयोगी, तिथल्या माणसाच्या खिशात ते नाही.

दुचाकीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला एकच सिलिंडर असतो. घाट चढताना इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी. फोन मात्र बॅटरी वाचवण्यासाठी सेकंदाला पन्नासच मापं घेत असेल, तर त्याला पंचवीसच्या वरची थरथर खरी दिसतच नाही. काही फोनांत ती आतच गाळली जाते, काहींत ती वेष पालटून सोळा-सतराच्या खोट्या लयीत उमटते, आणि यंत्र तिला भलतंच काही समजतं. पाच हजारांचे साडेचार हजार फेरे झाले की ही खोटी लय भलतीकडंच सरकते. ही थरथर काही मामुली नाही. मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन बसवून फिरलं तर त्याचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपलनंच २०२१ मध्ये दिला होता. एवढी ठसठशीत खूण हाताशी असताना ती वाया जाते, कारण ज्यांनी मापं ठरवली त्यांना मोटारी आणि मेट्रो वेगळ्या करायच्या होत्या. मापं सेकंदाला दोनशे घेतली तर दुचाकी हे ओळखायला सर्वांत सोपं वाहन ठरावं, असं माझं मत आहे. एकटा चालवतोय की ट्रिपल सीट आहे, हे त्यानंही सांगता येणार नाही, आणि इथं तो फरक मोठा.

मग होडी. जलाशयाच्या, म्हणजे आर्थर लेकच्या पाण्यातून रतनवाडीकडं जाणारी वाट रस्त्यापेक्षा जवळची. पाण्यावर फोन संथ डोलतो, खड्डा नाही, ब्रेक नाही, नकाशावर पाहिलं तर माणूस जलाशयाच्या मध्यावर. झेंग यांच्या गटानं २००७ ते २०१२ मध्ये गोळा केलेल्या ‘जिओलाइफ’ या १८२ जणांच्या प्रसिद्ध संग्रहात होडी आणि मोटरसायकल ही दोन्ही लेबलं आहेत, पण त्यांच्या नोंदी इतक्या थोड्या, की पुढचे संशोधक त्या सर्रास बाजूला ठेवतात. आज सर्वाधिक वापरला जाणारा संग्रह ससेक्स विद्यापीठ आणि ह्वावेचा. इंग्लंडमधल्या तीन जणांनी २०१७ मध्ये सात महिने अंगावर चार-चार फोन बाळगून २,८१२ तासांची नोंद केली. त्यात आठ प्रकार आहेत: स्थिर, चालणं, धावणं, सायकल, मोटार, बस, रेल्वे, मेट्रो. रेल्वे आणि मेट्रो यांत फरक करण्यावर या क्षेत्राची किती बुद्धी खर्ची पडली, हे शोधनिबंध चाळले की दिसतं. इगतपुरीकडं गेल्याशिवाय ज्याला रेल्वे दिसत नाही त्याला त्याचं काय!

याच संग्रहावर स्पर्धा होत आल्या आहेत, आणि त्यांचे निकाल अचूकतेच्या आकड्यांकडं कसं पाहावं ते शिकवतात. २०१८ मध्ये शिकवायला आणि परीक्षेला एकाच माणसाच्या, एकाच खिशातल्या फोनची नोंद होती. पहिल्या क्रमांकाला शंभरपैकी जवळपास ९४ गुण पडले. पुढच्या वर्षी शिकवायला पिशवीतले, कमरेचे आणि छातीवरचे फोन दिले, परीक्षा मात्र हातातल्या फोनवर. पहिला क्रमांक ७८ वर आला. फोन एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला, बस. पवईकरांनी आणि बंगळुरूकरांनी फोनच्या दिशेचा एवढा विचार का केला, ते इथं समजतं. शिवाय अनेक निबंधांत एकाच प्रवासाचे शेजारशेजारचे तुकडे अर्धे शिकवायला आणि अर्धे परीक्षेला वाटलेले असतात. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. ९८-९९ टक्के वाचलं की मी आधी तुकडे कसे वाटले ते पाहतो.

आणि भंडारदऱ्यात फोन कुठं असतो? पुरुषाच्या वरच्या खिशात. बाईच्या कमरेला खोचलेला, पदरात बांधलेला, बाजाराच्या पिशवीत भाजीखाली. किंवा तिच्याकडं नसतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ४६.६ टक्के होत्या. हा आकडा साध्या फोनसह आहे. स्मार्टफोनचा त्याहून कमीच असणार. डोक्यावर मोळी किंवा हंडा घेऊन चालणारीचं पाऊल आखूड पडतं, धड ताठ राहतं, वरखाली हालचाल कमी होते. इंग्लंडमधल्या तिघांनी असं चालून दाखवलेलं नाही. तेव्हा घरातला एकच फोन नवऱ्याबरोबर दुचाकीवरून राजूरला गेला, तर संगणकाच्या लेखी त्या घराचा त्या दिवशीचा प्रवास दुचाकीचा झाला. बायको दोन वेळा पाण्याला आणि एकदा सरपणाला गेली, ते कुठं गेलं?

मोठ्या कंपन्या हे आकडे वापरात आणू लागल्या आहेत. २०२२ मध्ये औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, हे गुगलच्या पर्यावरणविषयक फलकावर झळकलेलं देशातलं पहिलं शहर ठरलं. लोकांच्या फोनमधल्या स्थाननोंदींवरून शहरातल्या वाहतुकीचा आणि तिच्या धुराचा अंदाज तिथं दिला जातो. शहरासाठी त्याचा उपयोग आहे. पण असे अंदाज जिथं फोन दाट तिथंच टिकतात. रतनवाडीसारख्या गावी रेंजचीच बोंब. नोंद फोनमध्ये साचत राहते आणि माणूस शेंडी गावात आला की एकदम वर जाते.

सिंगापूरमध्ये २०१२-१३ मध्ये वेगळी वाट काढली गेली. तिथल्या ‘फ्यूचर मोबिलिटी सर्व्हे’ या अ‍ॅपनं दिवसभराची नोंद करायची, यंत्रानं अंदाज बांधायचा आणि संध्याकाळी माणसाला विचारायचं: दुपारी तुम्ही बसनं गेलात, बरोबर? चूक असेल तर त्यानं दुरुस्त करायचं. यंत्र आणि माणूस यांची ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. भंडारदऱ्यात तिच्यात एकच भर घालावी लागेल: पर्यायांची यादी इथल्या माणसानं करावी. एसटी; जीप, आत बसून; जीप, मागं उभं राहून; टपावर; पिकअपचा हौदा; ट्रॅक्टरची ट्रॉली; गाडीवर मागं; होडी; चालत, रिकामं; चालत, ओझं घेऊन.

आणि या यादीत मी सर्वांत वर घालीन ते ‘वाट पाहणं’. या शास्त्रात ‘स्थिर’ हा सर्वांत बिनमहत्त्वाचा खण. बॅटरी वाचवायला तो ओळखायचा आणि पुढं जायचं. घरात झोपलेला माणूस, कार्यालयात बसलेला माणूस आणि वारंघुशी फाट्यावर तास-दीड तास जीपची वाट पाहणारा माणूस, तिघंही त्यात. पण डोंगराळ भागातल्या प्रवासाचा खरा खर्च या तिसऱ्या माणसाकडं आहे. राजूरला जायला गाडीत लागणारा वेळ थोडा, आणि कागद देण्यात दिवस मोडतो तो फाट्यावर उभं राहण्यात. मुक्कामी एसटी बंद झाली किंवा दुपारची फेरी रद्द झाली, याचा परिणाम गाडीतल्या मिनिटांत दिसत नाही, फाट्यावरच्या मिनिटांत दिसतो. आणि तांत्रिकदृष्ट्या हे ओळखणं मुळीच अवघड नाही. आधी चालणं, मग रस्त्याच्या कडेला उभं राहणं, मधे दोनचार येरझाऱ्या, मग अचानक वाहन: हा क्रम रेड्डींच्या दुसऱ्या थराला सहज पकडता येईल. नवं गणित लागत नाही. हा वेळ मोजावा असं कुणाला तरी वाटावं लागतं.

तीन माणसं, बारा फोन आणि सात महिने यांतून जगभर वापरला जाणारा संग्रह उभा राहिला, हे पाहता अकोल्या-राजूरच्या महाविद्यालयांतल्या वीस मुलामुलींना एका पावसाळ्यात आणि एका उन्हाळ्यात इथला संग्रह करता येईल. दोन ऋतू हवेतच. पावसाळ्यात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून छातीशी धरलेला असतो, चिखलात पाऊल बदलतं, आणि रस्ता खचला की जीपची फेरी चालण्यात बदलते.

पण त्याआधी एक गोष्ट मिटवायला हवी. अँड्रॉइडनं २०१९ पासून हालचाल ओळखण्याच्या तयार सोयीसाठी परवानगी सक्तीची केली, तरी अ‍ॅक्सेलरोमीटरचे कच्चे आकडे अ‍ॅपला आजही वेगळी परवानगी न मागता मिळतात. २०२१ पासून फक्त सेकंदाला दोनशेहून जास्त मापं घ्यायची तर जाहीर करावं लागतं. तेवढ्या आकड्यांवरून काय कळतं? चीनमधल्या संशोधकांनी नानजिंगच्या मेट्रोत दाखवलं, की प्रवासी सहा स्थानकं गेला तर निव्वळ धक्क्यांवरून तो कुठून कुठं गेला हे ९२ टक्के वेळा सांगता येतं. दुसऱ्या एका प्रसिद्ध अभ्यासात, २०१३ मध्ये, पंधरा लाख माणसांच्या मोबाइल नोंदींतून ९५ टक्के माणसं चार ठिकाणं आणि वेळा कळल्यावर वेगळी काढता आली. शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावात चार कशाला, एकच पुरते. पहाटेच्या पहिल्या जीपनं साम्रदहून कोण गेलं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात संमतीची भाषा आहे. इथला धोका मात्र आणखी एका दिशेनं येतो. जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून किंवा टपावर बसून केलेला प्रवास सरकारी कागदावर ‘अवैध प्रवासी वाहतूक’ असतो. फोननं तो नेमका ओळखला आणि तो आकडा तारीख, वेळ आणि रस्त्यासह भलत्या टेबलावर गेला, तर एसटीची फेरी वाढण्याऐवजी आधी जीपवर दंड बसेल. आणि जिथं दुपारनंतर दुसरं काही नाही, तिथं तो दंड जीपवाल्यापेक्षा फाट्यावरच्या माणसाला भरावा लागेल. म्हणून कच्चे आकडे फोनच्या बाहेर जाऊच देऊ नयेत. ओळखण्याचं काम फोनमध्येच व्हावं, आणि बाहेर जावं ते एवढंच: या फाट्यावर, या महिन्यात, दुपारी बारा ते चार, माणसं सरासरी किती मिनिटं उभी होती. गाडीचा नंबर नको, प्रवाशाचं नाव नको, कोण टपावर होतं तेही नको. एसटीच्या आगाराला फेरी ठरवायला तेवढं पुरतं.